मेंढरांना कळणारी जपानी

ज्या कामाला कुणी ‘हे जमायचं नाही’ असं म्हटलेलं नाही, ते काम आमच्या घरमालकांनी आजवर हातात घेतलेलं नाही. मंचरच्या बाहेर, हायवेपासून जरा आत, त्यांच्या कांद्याच्या चाळीला लागून असलेल्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. मी किनवटकडचा, आठवीतून शाळा सुटलेला, मार्केटात बटाटे निवडायच्या कामावर. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. एकदा पाणाड्या म्हणाला, इथं पाणी लागायचं नाही. “कोन म्हनलं?” असं त्याच्या तोंडावर विचारून मामांनी तिथंच विहीर खणली. पाणाड्याचं खरं ठरलं. मामांनी विहीर बुजवली नाही. उन्हाळाभर तीत कडबा रचला आणि सांगत सुटले, की तालुक्यात इतकी कोरडी जागा दुसऱ्या कुणाकडं नाही. शेती सांभाळून मेंढरं जमायची नाहीत असं मेव्हणे बोलून गेले, तेव्हापासून मामांकडं मेंढरं होती.

जपानी त्यांच्या आयुष्यात आली ती माझ्यामुळं. मोबाईलच्या दुकानावरच्या माळ्यावर जपानीचा क्लास निघाला होता. भाषा आली की तिकडं शेतीवर काम मिळतं, असं पाटीवर लिहिलेलं. कंडक्टरकडं सुट्टे मागायलाही मी घाबरायचो. तिथं एकटा जायची छाती होईना, म्हणून मामा बरोबर आले. टाय लावलेले सर सहज म्हणाले, “दहावी नाही? मग याला जमायचं नाही.” मी लगेच उठलो. मामांनी खुर्ची पुढं ओढली.

“कोन म्हनलं? जपानातली पोरं दहावी झाल्यावरच बोलाय लागत्यात का वो, सर?”

“मामा, तीन लिप्या आहेत त्यांच्या.”

“आसूद्या. आमी आख्खा कळप तोंडावरनं वळखतो, आन् त्यो हालत बी असतो. तुमची अक्षरं जाग्यावर बसत्यात ना?”

जिना उतरून त्यांनी खालच्या मोबाईलवाल्याला कामाला लावलं आणि परीक्षेला दहावीचा दाखला लागत नाही, हे तिथल्या तिथं शोधून घेतलं. मग मला म्हणाले, “तू नगं भिऊ. आदी मी शिकतो, मागनं तुला शिकवतो.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बंडीच्या खिशातून एक जपानी बाई दिवसभर बोलू लागली. फोनचा आवाज मोठा करून मामा मेंढरांमागं हिंडत आणि बाई म्हणेल ते मेंढरांना म्हणून दाखवत. चाळीच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं अक्षरं काढली आणि प्रत्येकाला एकेका मेंढीचा गुण चिकटवला. ‘नु’ पायात गाठ पडलेली, ‘मु’ शेपूट उडवणारी. ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ एका आईच्या तिघी, तोंडानं सारख्याच. “तोंडाकडं बगू नगं, फसशील. शेपाट बग,” ते मला बजावत. शाळेत फळ्यावरचं अक्षर बघितलं की मी मागच्या बाकावर सरकायचो. भिंतीवरची ही ओळखीची मेंढरं बघून पुढं सरकलो. चहाच्या टपरीवर लोक विचारत, “काय जपानी पावणं, इमान कवा सुटतंय?” मामा चहा बशीत ओतत आणि शांतपणे सांगत, “तुमचा चहा संपला की.”

मेंढरांशी मराठी बोलायची नाही, हा त्यांचा नियम होता. त्याचं फळ मामींना मिळालं. मामा येडगावला लग्नाला गेले आणि मामींनी कळप बाहेर काढला, तर मेंढरं हायवेवर उभी ती उभीच. मामींनी नेहमीच्या सगळ्या हाका मारल्या, शिव्याही दिल्या. एकही हलेना. मागं ट्रकांची रांग लागली. शेवटी कपाळाला हात लावून त्यांनी नवऱ्याच्या हेलात “कोईऽऽ”, म्हणजे जपानीत ‘ये’, अशी आरोळी दिली आणि अख्खा कळप मुकाट मागं चालू लागला. मामा आले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आता सवासनीच्या जेवनाला बी तुमच्या त्या बाईलाच बोलवा.” पण नंतर परड्यात त्या एकट्याच काहीतरी पुटपुटत असत. ते मराठी नव्हतं.

परीक्षेला पुण्याला मामा बरोबर होते. दारातूनच मी मागं वळलो. म्हटलं, मामा, परत जाऊ. ते म्हणाले, “पेपर म्हंजी दुसऱ्याचा कळप. वळखीची आदी बाजूला काढ. बाकीची कुटं पळत्यात?” मी तसंच केलं. पास झालो.

आता मी जपानात, उत्तरेला, बटाट्याच्याच शेतावर आहे. आल्या आल्या मालकानं मला सगळ्यांना जेवायला बोलवायला पाठवलं. मी तोंडाशी हात धरून, मामा मेंढरांना ‘खा’ म्हणायचे त्या हेलात रानभर “ताबेरोऽऽ” केलं. माणसं जागच्या जागी थिजली. इकडं जेवायला असं दरडावून कुणी बोलवत नाही. आता घरी पाठवणार, या भीतीनं मी उभा राहिलो. पण बांधावर बसलेली मालकाची म्हातारी आई डोळे पुसेपर्यंत हसली. तेव्हापासून जेवायची हाक माझ्याकडंच आहे. हेल मी बदललेला नाही.

परवा मामांचा फोन आला. गुडघ्यांमुळं मेंढरं डिंभे धरणाकडच्या माणसाला विकली म्हणाले. सोबत त्याला हाकाही शिकवल्या, नाहीतर ती धरणाच्या काठावरच बसून राहिली असती. एक म्हातारी मेंढी तेवढी ठेवलीय. मामा प्रथमच दमल्यासारखे वाटले. “तुज्यासंगं तिकडचा एक बटाटा काडायचा व्हता,” म्हणाले, “पर आता ऱ्हाऊ दे.”

ऱ्हाऊ दे हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. भीत भीतच, पण स्पष्ट म्हणालो, “बरोबर आहे, मामा. तुम्हाला इकडं येणं जमायचं नाही.”

पलीकडं मेंढीच्या गळ्यातली घंटी वाजली. मग मामांनी घसा खाकरला.

“कोन म्हनलं?”