दानिएल मास्तरांच्या टाकीतले किडे

दानिएल मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीला पानाचे भाग शिकवत होते. शिपाई गणपतमामा दारातून म्हणाले, "बाई, मास्तर गेले. पहाटं, मिशनच्या दवाखान्यात." मी "बरं" म्हणाले आणि देठ, पाते, शिरा असं पुढे शिकवत राहिले. घंटा झाल्यावर मुलींनीच मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. त्याला आता महिना झाला. श्रीरामपूरच्या आमच्या शाळेत आम्ही दोघांनी सात वर्षं विज्ञान शिकवलं. त्यांचं गुणगान करून मला मोकळं होता आलं असतं, पण एक गोष्ट घशात अडकली आहे... ती आधी सांगते.

मास्तर मूळचे नेवाशाकडचे, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि पार वेडे होऊन परतले. पुढच्या सुटीत रत्नागिरीहून एस.टी.ने काचेच्या बुधल्यांत समुद्राचं पाणी, दोन भोकाभोकांचे दगड, चार शंखातले खेकडे आणि एक समुद्रफूल घेऊन आले. समुद्रफूल म्हणजे प्राणीच, पण पाण्यात त्याने आपले बारीक बारीक हात पसरले की शेवंती उमलल्यासारखं दिसे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून ती नळीने थोडी थोडी प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत सोडायची, ही मास्तरांची युक्ती. "आपल्या पोरांनी गोदावरी पाहिलीय, बाई," ते म्हणायचे, "पण समुद्र कोण दाखवणार त्यांना?" मी त्यांना चिडवायची, की मास्तर, तुमच्या त्या फुलाचं बारसं कधी? ते लाजायचे!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या आणि त्या गढूळ पाण्यातून नारू पसरला. पायातून निघणारा तो पांढरा दोरा काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढताना ज्याने पाहिलं, त्याला पाण्यातल्या किड्याचं भय शिकवावं लागत नाही. आणि नेमके तेव्हाच टाकीतल्या दगडांच्या फटींतून किडे बाहेर आले. करंगळीएवढे लांब, तांबूस, दोन्ही अंगांना पांढरे केस. एका पालकाने ते पाहिले आणि हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन कडाडला, "साळंत नारू पाळलाय व्हय? आमी पोरं शिकाया धाडतो का मराया?" मास्तरांनी समजावलं, हा खाऱ्या पाण्यातला जीव, त्याचा नारूशी काही संबंध नाही. पण ऐकतो कोण! हेडमास्तर म्हणाले, सोमवारच्या पालकसभेआधी किडे गेले नाहीत तर टाकी गटारात ओता.

आम्ही कामाला लागलो. किडे अंधारात बाहेर पडतात, म्हणून भर दुपारी टाकीवर घोंगडी टाकायची आणि बारीक तोंडाच्या बाटलीत सुकटीचा तुकडा ठेवून ती आत सोडायची. मी जन्माची शाकाहारी, पण सुकट बाजारातून मीच आणली. पहिल्याच दिवशी शहाणपणा करून एक किडा बोटांनी उचलला आणि केस रुतून बोटं पेटली. मास्तरांनी चिकटपट्टी लावून एकेक केस काढला. "चूक माझी," म्हणाले. "मीच खाणं जास्त घातलं, म्हणून हे वाढले. मेलेलं, सडलेलं खातात बिचारे. फार झाले तेवढे काढू, चार राहू द्या."

चार राहू द्या! मला ते पटेना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. शनिवारी मास्तर एका मयतीला कोपरगावला गेले. मी एकटीच होते. काचेमागे एक किडा वळवळला, आणि मी विहिरीत टाकतात ते लाल औषध चिमूटभर टाकीत सोडलं. विहीर केवढी आणि टाकी केवढी, हे विज्ञानाच्या बाईला सुचू नये?

सोमवारी पाणी तपकिरी झालं होतं. खेकडे शंखांतून अर्धे बाहेर लोंबत होते. समुद्रफूल तळाशी आक्रसून पडलं होतं. मास्तरांनी वाकून एक खेकडा तळहातावर घेतला. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. औषधाने बोटं काळपट झाली होती. ते हळूच म्हणाले, "बाई, लिंबू चोळा. डाग जातो." एवढंच. आणि सभेत सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, "औषध मी टाकलं, माझं प्रमाण चुकलं." पालक हसले. हेडमास्तरांनी प्रयोगशाळा त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिली... आणि मी ती घेतली. मला लाज वाटते.

दवाखान्यात शेवटचं भेटायला गेले ते सगळं सांगायचं ठरवूनच. पण तिथे बसून नव्या पाठ्यपुस्तकावर बोलत राहिले. ते डोळे मिटून ऐकत होते.

परवा मुलींना घेऊन प्रयोगशाळा झाडायला काढली. कोपऱ्यातल्या रिकाम्या टाकीपाशी सातवीतली एक म्हणाली, "बाई, ह्यातलं समदं मास्तरांच्या हातनं मेलं ना? तेच सांगायचे."

"नाही," मी म्हणाले. "माझ्या हातून."

तिने हातातला झाडू खाली ठेवला. मग तिने विचारलं, "मंग तुमी मास्तरांना सांगितलं व्हतं का?"

"नाही गं," मी म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं आम्ही दोघं रोज एकाच बाकावर बसून डबा खात होतो.