दुमाडा वकिलांचा राग

चिंतू दुमाडा डोंगरातल्या पाड्यावरून येऊन वकील झाला. बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि तालुक्याच्या कोर्टात काम करायचा. ही १९८४ची गोष्ट. कोर्टात बाकी सगळे 'वकीलसाहेब', नाहीतर 'माझे विद्वान मित्र'. दुमाडा मात्र नुसता 'चिंतू'. "अरे चिंतू, जरा सरक." बार रूममध्ये तर त्याच्यासमोरच, "आता डोंगरातले पण काळा कोट घालायला लागले," असं म्हणून हसत. चिंतू ऐकून घ्यायचा आणि आपली फाइल चाळत राहायचा.

त्याची अशील नवसी, तिच्या दाव्यात हे ऐकून घेणं संपलं. तिच्या शेताची वाट बागायतदार बळवंतने तारेचं कुंपण घालून अडवली होती. बळवंतचे वकील कृष्णकांतराव भर कोर्टात म्हणाले, "चिंतूला बिचाऱ्याला कायद्याचं काय समजतंय!" सगळे हसले.

बाहेर आल्यावर नवसी म्हणाली, "माजे कागद दे चिंतूदादा. तुला सगले अरे-तुरे करतात. तू माजी वाट काय सोडवशील? मी दुसरा वकील बगते."

चिंतूचं तोंड कडू झालं. तिच्यावर रागवायलाही जागा नव्हती.

"एक तारीख थांब," तो म्हणाला.

त्या तारखेला कृष्णकांतराव पुन्हा सुरू झाले, "हा चिंतू..."

"थांबा!" दुमाडा ओरडला. हातातली फाइल त्याने टेबलावर आपटली आणि तो न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, यांची आणि माझी वकिलीची सनद एकाच ठिकाणून आलीय. यांना विद्वान मित्र आणि मला अरे-तुरे, हे कुठल्या कायद्यात आहे? यांच्या जिभेमुळे माझी अशील मला सोडून चाललीय!"

"आवाज खाली घ्या," न्यायाधीश म्हणाले.

"घेतो. आधी यांना बोलायला शिकवा."

न्यायाधीशांनी त्याला दटावलं. मग कृष्णकांतरावांकडे वळून म्हणाले, "यापुढे दुमाडा वकील म्हणायचं. माझ्या कोर्टात दोन भाषा चालणार नाहीत."

नवसी त्याच्याकडेच थांबली. पावसाळ्याआधी वाट मोकळी करायचा हुकूम झाला, कुंपण निघालं. ती आनंदाने म्हणाली, "वकीलसाहेब, लय बेस झालं!"

"तू नको गं साहेब म्हणू," तो तिच्यावरही खेकसला. "तू दादाच म्हण. साहेब त्यांच्याकडून पायजे मला."

बार रूममध्ये मात्र त्याच्याशी कोणी बोलेना. तो आला की गप्पा थांबायच्या. माफी तर कोणीच मागितली नाही. दुमाडा रोज तिथेच, मधल्या खुर्चीवर जाऊन बसायचा आणि कोणाची जीभ घसरली की त्याच जागेवरून गरजायचा, "नीट बोला!"