निर्माल्याची पिशवी

जमैकाच्या डोंगरात, धबधब्याखालच्या डोहात मी पाय सोडून बसले होते. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत होते. तेवढ्यात आमच्या टूरमधल्या काकूंनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, नमस्कार केला आणि गाठीसकट पाण्यात सोडून दिली. हॉटेलच्या बागेतली जास्वंद रोज तोडून त्या गणपतीच्या फोटोला वाहत होत्या, त्याचं हे निर्माल्य.

“काकू, पिशवी कसली टाकता!” मी ओरडलेच.

“अगं, वाहतं पाणी आहे. जाईल वाहून.”

जाईल कुठे? डोळ्यांआड गेलं की संपलं, असं म्हणत आपण घरच्या नद्यांची गटारं केली. आता दुसऱ्यांच्याही नद्यांची करायची? आणि वर हात जोडायचे!

खालच्या डोहात एक तिथलीच बाई लेकीला न्हाऊ घालत होती. पिशवी तिच्यापाशी जाऊन अडकली. ती उचलून, निसरडे खडक चढून बाई वर आली आणि काळजीने म्हणाली, “तुमचं काहीतरी पाण्यात पडलं.”

काकूंनी हसून पिशवी घेतली. बाई वळल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “चल, तिच्या खालच्या अंगाला सोडू. म्हणजे परत आणून द्यायची नाही.”