शिनोलीच्या घरफोडीतल्या सोनेरी चकत्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. शिनोलीची घरफोडी मात्र जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

फिर्यादी बाई निवृत्त इंजिनिअर. डोंगरातल्या वाड्यांवर फिरून त्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करत. उन्हाळ्यात न आटणारे झरे कुठे, कुठल्या खाचरात कुठलं भात लावायचं, असली माहिती. चोरट्याने लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि चकत्यांची डबी नेली होती.

"बाकीचं राहू द्या, आधी चकत्या शोधा," बाई म्हणाल्या. चकत्या सिरॅमिकच्या, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या, वर सोनेरी थर. दुकानात पैसे द्यायला आपण चौकोनी कोड स्कॅन करतो, तसेच कोड त्यावर कोरलेले. पण इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. सगळे आवाज त्यांत साठवलेले.

दुसऱ्या दिवशी वाडीवरची एक शेतकरीण ठाण्यात आली. "साहेब, माजी आई त्याच्यात बोलतीया. ती आता न्हाई. तेवढं हुडकून द्या."

मग मंचरच्या एका भंगारवाल्याचा फोन आला. "साहेब, एक जण सोन्याचा पत्रा म्हनून इकाय आला व्हता. मी घेतला न्हाई." वर्णनावरून संशयिताला एसटी स्टँडवर ताब्यात घेतलं.

तो काहीच कबूल करेना. मी चहा मागवला. नोटिशीवर त्याने उजव्या हाताने सही केली होती. ग्लास मात्र डाव्या हाताने उचलला. उजव्या बोटांवर फोड होते.

"बोटं कशानं भाजली?"

"चुलीवर, साहेब."

"तू तर खाणावळीत जेवतोस."

त्याने मान खाली घातली. मग आपणहून बोलला. "सोनं वाटलं, साहेब. गॅसच्या बत्तीनं लई तापवलं, इतळंना. मग राखंत फेकून दिलं." लॅपटॉप आणि डिस्क भीतीपोटी कालव्यात टाकल्या होत्या.

पंचांसमक्ष त्याने सगळं काढून दिलं. डिस्क चिखलाने निकामी झाली होती. चकत्या काजळीने काळ्या पडलेल्या. मी आशा सोडली होती. ओळख पटवण्यासाठी बाईंनी ठाण्यातच सूक्ष्मदर्शक मांडला, एक चकती मऊ कापडाने पुसली. कॉम्प्युटरवर बारीक चौकोनांच्या रांगा उमटल्या, एकही तुटलेली नाही; सिरॅमिकने आच सोसली होती. आणि म्हातारीचा करडा आवाज आला, "आगं, खाचरात पानी लई ठिवू नको, रोप कुजंल."

चकत्या सापडल्याचं कळून आलेली ती शेतकरीण बाकावरून पटकन म्हणाली, "न्हाई ठिवत, आये."



पोलीस घडून गेलेल्या गोष्टीच्या मागे धावतो. आपण नसू तेव्हा हे कोण ऐकेल, त्याला कसं ऐकू येईल, इतका पुढचा विचार करणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काही टिकवायचं तर ते असं आधीच टिकवावं लागतं, हे मी त्या बाईंकडून शिकलो.

कोर्टाच्या आदेशाने चकत्या परत मिळाल्या, तेव्हा मी बाईंना चहासाठी थांबवत होतो. त्या थांबल्या नाहीत. वरच्या वाडीतले एक आजोबा आजारी होते. रेकॉर्डर पिशवीत टाकून त्या तशाच डोंगराकडे निघाल्या.