सेंड, रिटर्न आणि रत्नदीप

ओतूरच्या एसटी स्टँडमागं रत्नदीप पाण्याच्या मोटारी भरायचा. जळालेली तार उसवायची, नवी गुंडाळायची, हेच दिवसभर. पण कुणी विचारलं तर सांगायचा, "मी बेसवाला." सावळेराम मास्तरांच्या भीमगीत पार्टीत तो चौदा वर्षं बेस गिटार वाजवत होता.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये नारायणगावच्या समाजमंदिरात तालीम होती. मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं,

"रत्नदीप, वाजवतोस, का नुसता गिटार गळ्यात घालून उभा ऱ्हातोस?"

"वाजवतो की, मास्तर."

"मंग ऐकू कुणाला येतंय? कीबोर्डवर माझा डावा हात तेवढंच काम करतो. जयंतीच्या आत आवाज जाड कर, न्हाईतर जागा खाली कर."

ढोलकीवाला गेणू फिस्सकन हसला.

रत्नदीपनं पुण्यातून इफेक्टचं जुनं मशीन आणलं. पायानं दाबायचं, एका डब्यात पन्नास आवाज. पार्टीची गिटार, स्पीकर आणि प्रीअँपही मास्तरांना विचारून घरी नेला. गिटारचा आवाज घडवून स्पीकरकडं पाठवणारा तो जडशीळ डबा. त्यानं गिटारची वायर मशीनला लावली, मशीनची प्रीअँपला, आणि तार छेडली.

गॅसपुढून प्रज्ञा, त्याची बायको, म्हणाली, "अवं, डास पकडलाय का त्यात?"

खरंच आवाजातला खर्ज मशीननं गिळला होता.

प्रज्ञा बारावी झालेली. तिनं प्रीअँपचं माहितीपुस्तक मांडीवर घेतलं, डिक्शनरी उघडली. "मागच्या बाजूला दोन वाटा हायेत म्हंत्यात, दर वाटेला एक सेंड, एक रिटर्न. सेंडमधून आवाज भायेर जातो, रिटर्नमधून माघारी येतो. मशीन मधी लावायचं."

"मंग दोन कशाला?"

"पहिलीतनं सगळाच आवाज भायेर जातो. दुसरीत मूळचा आवाज घरीच ऱ्हातो, थोडा भायेर फिरून येतो, मंग दोनी एक व्हत्यात. किती मिसळायचं त्याला बटण हाय."

पहिल्या वाटेनं डासच निघाला. मग त्यानं मशीनमध्ये जायची वायर दुसऱ्या सेंडला खोचली, यायची दुसऱ्या रिटर्नला, बटण अर्ध्यावर आणलं, प्रीअँपचा खर्जही वाढवला. तार छेडली, आणि मांडणीवरची ताटं थरारली.

"अगं बया!" प्रज्ञानं दोन्ही हातांनी ताटं धरली. "आता काय घर पाडता का?"

पुढच्या तालमीत गायिका कल्याणी पहिल्या कडव्यातच थांबली. "रत्नदीपदादा, पायाखालची फरशी हलली की वो!" गेणू हसायचा विसरला.

मास्तर उठले. खांद्यावर हात टाकून म्हणाले, "शाब्बास. कसं केलंस? समद्यांना सांग."

चौदा वर्षांत मास्तरांचा हात पहिल्यांदाच खांद्यावर आला होता. रत्नदीप फुलला. कुठली वायर कुठं, बटण कुठवर, कुठल्या गाण्याला मशीनचा कुठला नंबर, सगळं बोलला. वायरींना लाल-निळ्या पट्ट्याही चिकटवून दिल्या.

"राकेश, ध्यानात आलं?"

राकेश मास्तरांचा भाचा. जुन्नरला क्लास लावून वर्षभर बेस शिकलेला. त्यानं मान हलवली.

"मंग घे गिटार. ह्या जयंतीला तू."

"आन् मी?" रत्नदीपनं विचारलं.

"तू वायरी बघ. मोटारी भरणारे हात, तेच शोभतंय. बेसवाला स्टेजवर दिसाया पायजे, राव. तू लोड शेडिंगच्या बल्बावानी दिसतोस."

सगळे हसले. कल्याणी तेवढी माईकची वायर सरळ करत बसली.

"मशीन माझं हाय, मास्तर."

"मंग घेऊन जा."

राकेशनं गिटार प्रीअँपला जोडून सुरुवातही केली होती. रत्नदीप खाली बसला. त्याला वाटलं, ओढलं की संपलं. आवाज बंद पडेल, मास्तर हाक मारतील. त्यानं सेंडची वायर उपसली, रिटर्नची उपसली.

बेस चालूच राहिला. मूळचा आवाज घरी ठेवणारी वाट त्यानंच निवडली होती, खर्जही त्यानंच वाढवला होता. थोडा कोरडा, पण भरीव, सरळ स्पीकरमध्ये जात होता.

मास्तरांनी कीबोर्डवरून मान वळवली. "बघ, तुझ्यावाचून काय बी आडलं न्हाई."

काय कमी झालं ते त्या हॉलमध्ये दोघांनाच कळलं. त्यातल्या कल्याणीनं मास्तरांकडं पाहिलं, डोळे मिटले आणि दुसरं कडवं उचललं.