कारण पायजे तर फोन कर

दादूस आधी माणसाला हाकलून द्यायचा आणि मग त्याच्या फोनची वाट बघत बसायचा. हाकलणारे जगात पुष्कळ. पण हाकलल्यावर लगेच भांडायला बोलावणारा मी हा एकच पाहिला. त्याच्या सर्व्हरवरून तुम्ही बॅन झालात की काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत दोन वाक्यं उमटायची: ‘तुला भायेर काढलाय. कारण पायजे तर फोन कर.’ खाली त्याचा स्वतःचा नंबर. त्याने मला आठ वेळा बाहेर काढलं. सात वेळा मी फोन केला. आमची ओळख, आमचं वैर आणि, आता कबूल करायला हरकत नाही, आमचा जिव्हाळाही त्या सात फोनांतूनच वाढला. आठव्याचं शेवटी सांगतो.

आधी खेळ काय होता, ते ऐका. परदेशातल्या एका कंपनीने बनवलेला. तुम्ही एका ओसाड बेटावर उतरता, लाकडं तोडता, घर बांधता, कुंपण घालता आणि मग शेजाऱ्याचं कुंपण पाडता. खेळ कंपनीचा, पण बेटं आमची. आमच्यासारखे हौशी लोक घरातला एक कम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवतात, त्यावर एक बेट वसवतात आणि गावभरच्या लोकांना तिथे खेळायला बोलावतात. त्या कम्प्युटरला सर्व्हर म्हणायचं आणि आम्हाला ऑपरेटर. पगार नाही, सुट्टी नाही, शिव्या मात्र रोज ताज्या. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून असे अकरा जण होतो. मी अंबरनाथचा, रंगाच्या एका कारखान्यात खरेदी विभागात. माझ्या वयाचे लोक गॅलरीत तुळशी-मोगरा लावतात. मी बेट लावलं.

दादूस बदलापूरचा, अगदी मूळचा. कात्रपमधल्या एका सात मजली इमारतीकडे बोट दाखवून तो सांगायचा, “हितं माजे आज्याचा भात व्हायचा.” धंदा मंडप-डेकोरेशनचा. त्याच्या गोदामात कनाती, खुर्च्यांच्या चळती आणि तीन दांडगे जनरेटर होते. आणि मधोमध, नवरा-नवरीच्या लाल मखमली सिंहासनावर, त्याचा सर्व्हर विराजमान असे. जमिनीपासून उंच आणि गादी असलेली तेवढी एकच जागा, असं त्याचं म्हणणं. सिंहासन भाड्याने गेलं की सर्व्हर खाली उतरायचा आणि हळद-लग्न आटोपलं की पुन्हा गादीवर. एकदा सिंहासनाच्या हत्ती कोरलेल्या हातावर खऱ्या अक्षता सापडल्या होत्या.

पहिल्यांदा बॅन झालो तेव्हा मी रागारागाने फोन लावला.

“तुम्ही मला बॅन केलंत!”

“हाव. जेवलास का?”

“जेवणाचा काय संबंध?”

“उपाशी मानूस नीट आयकत नाय. जेव, मंग कर.” फोन बंद.

मी जेवलो. पुन्हा केला. मग त्याने कारण सांगितलं: बेटावरच्या विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर मी भिंत घातली होती. मी म्हटलं, खेळाच्या नियमात ते चालतं. “खेळाचे नियमान चालत असंल,” दादूस म्हणाला, “माजे बेटावर पान्याची वाट कोनी अडवाची नाय.” पाऊण तास भांडून मी भिंत पाडायचं कबूल केलं. त्याने बॅन उठवला आणि त्याच संध्याकाळी स्वतः येऊन माझं कुंपण पाडून गेला. ते नियमात बसत होतं.

अशी आमची वर्षं मजेत चालली होती. मग कंपनीचं फर्मान आलं. महिन्यात बारा तासांहून जास्त वेळ जो सर्व्हर बंद राहील, तो कंपनीच्या यादीतून काढला जाईल. यादीतून गेलं म्हणजे संपलं. नवीन माणसाला तुमचं बेट सापडणारच नाही. रिकाम्या बेटावर तुम्ही आणि तुमची विहीर. आता परदेशातल्या माणसाला शुक्रवार कसा समजावणार? आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली शुक्रवारी सकाळी नऊला वीज जाते आणि संध्याकाळी पाचला येते. असे दोन शुक्रवार झाले की आम्ही अकराच्या अकरा जण यादीबाहेर. आम्ही अकरा पत्रं पाठवली. कंपनीने उत्तर दिलं: तुमच्या भागाचा एक प्रतिनिधी निवडा, त्याच्याशी अर्धा तास बोलू.

एक प्रतिनिधी! माझी छाती आपोआप फुगली. इंग्रजी पत्रव्यवहार हा माझ्या पोटापाण्याचा भाग. मी त्याच दुपारी कंपनीला कळवून टाकलं की प्रतिनिधी मीच. दोन दिवसांनी कळलं की दादूसनेही कळवलंय, आणि वर रबरी शिक्का मारून: ‘अध्यक्ष, समस्त सर्व्हर चालक मंडळ, बदलापूर’. मी धावत उल्हासनगरच्या कॅम्प दोनला गेलो, शिक्के करणाऱ्याला गाठलं आणि म्हटलं, मला गोल पाहिजे, मधे बेटाचं चित्र पाहिजे आणि दादूसच्या शिक्क्याहून मोठा पाहिजे. तो शांतपणे म्हणाला, “त्यांचाच साचा आहे, साहेब. थोडा मोठा करून देतो.” आठवड्याभरात कंपनीकडे आमची शिक्के मारलेली पाच पत्रं पोचली. तिकडून विचारणा आली: आपल्या देशात यातला कोणता शिक्का सरकारी असतो?

शेवटी सभा घ्यावी लागली. जागा गोपसेठचं दुकान. गोपसेठ हा आमच्यातला उल्हासनगरचा ऑपरेटर. कॅम्प दोनमध्ये त्याचं कम्प्युटर, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरचं दुकान. मतं पडली पाच विरुद्ध पाच. सगळे गोपसेठकडे बघायला लागले.

“मेरे को मत देखो, साईं,” तो हात जोडून म्हणाला. “दोनों मेरे ग्राहक हैं. मैं वोट देगा तो एक ग्राहक जाएगा.”

मग मी उभा राहिलो आणि भाषण केलं. कंपनीशी बोलायला भाषा लागते, मुद्दे लागतात, मंडपाचे बांबू लागत नाहीत. लोक हसले. दादूस हसला नाही. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, “इंग्लिश सायब, तू जा. पन तितं जाऊन पयला माजा बोलशील का?”

“तुझं मी का बोलू?”

“आमचे गावकीन जो बोलाला जातो, तो पयला समोरच्याचा बोलतो. जसाचे तसा. मंग आपला. ज्याला दुसऱ्याचा बोलता येत नाय, त्याला पाठवत नाय.”

“आणि तू माझं बोलशील?”

“लिवून दे. एक अक्षर गाळनार नाय.”

मला हा सापळा वाटला. मग वाटलं, सापळा तर त्याच्यासाठीच आहे. मी सभेसमोर ऐटीत म्हटलं, ठीक, जाऊ दे यालाच. आणि घरी जाऊन लिहायला बसलो. काय सांगू, असं सुंदर इंग्रजी मी कारखान्यासाठी कधी लिहिलं नव्हतं! चौदा तक्रारी, सगळ्या दादूसविरुद्ध. हा लोकांना लहरीप्रमाणे हाकलतो. याला इंग्रजी येत नाही. हा सर्व्हर लग्नाच्या खुर्चीवर ठेवतो. नववी तक्रार तर माझा हुकमाचा एक्का: याच्या गोदामात तीन जनरेटर असूनही दर शुक्रवारी याचा सर्व्हर बंद असतो, यावरून याचा निष्काळजीपणा दिसून येतो. आणि चौदावी: अशा माणसाला आमचा प्रतिनिधी समजू नये. वाटलं, हा कागद कोणता माणूस स्वतःच्या तोंडाने वाचेल?

ठरल्या दिवशी दुपारी गोपसेठच्या काउंटरवरच्या मोठ्या पडद्यावर कंपनीची बाई उगवली. गोरी, चष्मेवाली, सभ्य. आम्ही दहा जण बॅटऱ्यांच्या रॅकला टेकून उभे. दादूस स्टुलावर बसला, खिशातून माझा कागद काढला, उलगडला.

“मॅडम, गुड आफ्टरनून. आय रिप्रेझेंट. बट फर्स्ट, माय एनिमी पेपर.”

आणि त्याने वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द, बोट ठेवून. माझी लांबलचक सुंदर वाक्यं त्याच्या तोंडात जाऊन दगडांसारखी खाली पडत होती. ‘लहरी’साठी मी वापरलेल्या इंग्रजी शब्दावर तो तीनदा अडखळला, मागे वळला आणि सगळ्यांदेखत मलाच विचारलं, “हा कसा बोलाचा?” मी सांगितला. तो पुढे निघाला. याला इंग्रजी येत नाही, हेही त्याने इंग्रजीत वाचलं. दहा माणसांत मी एकटा घामाघूम.

नववी तक्रार झाली आणि बाईने हात वर केला. हे खरं आहे का, तिने विचारलं. तुमच्याकडे जनरेटर आहेत?

“थ्री. बिग.”

मग शुक्रवारी तुमचा सर्व्हर बंद का?

दादूसने चष्मा काढला. “टेन पीपल डार्क, मॅडम. आय ओन्ली लाइट. देन हू आय रिप्रेझेंट?”

बाई लिहून घेत होती. मी नजर वळवली ती नेमकी समोरच्या इन्व्हर्टरवर पडली. तसाच एक मी तीन महिन्यांपूर्वी याच दुकानातून गुपचूप घेतला होता. शुक्रवारी दहा बेटं अंधारात असताना माझं चालू असायचं, आणि सगळ्यांची बाहेर पडलेली माणसं माझ्याकडे खेळायला यायची. हे मी सभेत बोललो नव्हतो. गोपसेठ माझ्या कानाशी वाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, “साईं, बैटरी में पानी डाला?”

दादूसने उरलेल्या पाचही तक्रारी वाचल्या, चौदावीसकट. शेवटी स्वतःचं म्हणणं मांडायला त्याच्याकडे चार मिनिटं उरली. ती त्याने शुक्रवारवर खर्च केली. आठवड्याने निरोप आला: बंदची वेळ आधी कळवली, तर ते तास मोजले जाणार नाहीत. अकरा बेटं वाचली. पत्र ‘अध्यक्ष’ यांच्या नावे होतं. माझ्याहून लहान शिक्क्याच्या.

मी अभिनंदनाचा फोन केला. तेवढा मोठेपणा माझ्यात आहे.

“पयली तक्रार खोटी व्हती,” तो म्हणाला. “तरी वाचली.”

“माहीत आहे.”

“इन्व्हर्टर चांगला चालतो का?”

“तुला कोणी सांगितलं?”

“गोप बोलला. सभेच्या आदी.”

“मग त्या बाईसमोर का नाही बोललास? मी तर तुझी लाज काढायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं.”

“तुजे कागदावर नव्हता,” दादूस म्हणाला आणि जेवायला गेला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी नऊला मी इन्व्हर्टरची वायर सोडवली. कोणाला सांगितलं नाही. बेट आठ तास अंधारात राहिलं, सगळ्यांच्या बरोबरीने. याचा अर्थ आमचं सूत जुळलं, असा कृपा करून घेऊ नका. शनिवारी मी त्याच्या बेटावर गेलो तर पडदा काळा! पिवळी अक्षरं! आठव्यांदा! आता कशाबद्दल? ना भिंत, ना विहीर, मी लाकूडसुद्धा तोडलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. अकरा बेटं वाचवली म्हणून हा स्वतःला राजा समजायला लागला की काय? मी ठरवलं, या वेळी फोन करणार नाही. बस म्हणावं वाट बघत.

तो बारा दिवस वाट बघत असावा. तेराव्या दिवशी गोपसेठचा फोन आला. दादूस एका हळदीच्या मांडवात उभा राहून माणसांना झालर बांधायला सांगत होता, “डावीकडं, अजून डावीकडं” म्हणाला, आणि खाली बसला तो उठलाच नाही.

दहाव्याला गेलो. वहिनींनी मला ओळखलं. न बघताच, आवाजावरून. “तुमीच ना ते भांडनारे?” म्हणाल्या. गोदामात सर्व्हर चालू होता, सिंहासनावर. त्या रोज त्याच्यावरची धूळ पुसतात, शुक्रवारी वीज आली की बटण दाबतात. ते सिंहासन आता भाड्याने देत नाहीत. मी आठव्या बॅनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमी सांगा कसा काडाचा, मी आताच काडते.” मी म्हटलं, राहू दे. कारण कळलं नाही, तर आत कसा जाऊ?

आता कंपनीशी बोलायला मी जातो. या वेळी मतदान झालं नाही; गोपसेठसुद्धा गप्प राहिला नाही, “हां हां, यही जाएगा” म्हणाला. दर बैठकीत माझ्याकडे दोन कागद असतात. पहिला दादूसचा. तो मलाच लिहावा लागतो, त्याने सात फोनांत ऐकवलेलं आठवून आठवून. हा प्रतिनिधी पाण्याची वाट अडवणारा आहे. हा उपाशीपोटी भांडतो. याने शुक्रवारी चोरून दिवा लावला होता. शेवटचा मुद्दा मी स्वतःहून घातला. त्याच्या कागदावर तो आला असता का, ठाऊक नाही. बाई आता शेवटपर्यंत शांतपणे ऐकते, मगच विचारते, आता तुमचं काय म्हणणं?

शुक्रवारी संध्याकाळी पाचला वीज येते. अकराही बेटं एकेक करून उजळतात. मी घाई करत नाही. हातपाय धुतो, पान वाढून घेतो, पोटभर जेवतो, आणि मग त्याच्या बेटाचं दार वाजवतो. काळा पडदा येतो, पिवळी अक्षरं येतात, खाली त्याचा नंबर येतो.

मी जेवलेला असतो, दादूस.