ठणठणीत झाडाचा इलाज

मी एका ठणठणीत झाडाला पंधरा दिवसांत बरं केलं आहे.

धाड गावात माझं कृषी केंद्र, म्हणजे खता-औषधांचं दुकान आहे. कपाशीचं पान लाल पडलं की माणूस आधी माझ्याकडे, पिकांच्या डॉक्टरकडे, येतो. (असं मीच सगळ्यांना सांगतो.) बायकोने, सुनंदाने, पुण्याच्या बहिणीकडून बुटक्या पायनॅपल लिलीचे दोन कांदे मागवले आणि दुकानाच्या पायरीशी कुंडीत लावले. महिला मंडळाच्या कुंड्यांच्या स्पर्धेत दोन वर्षं तिचा दुसरा नंबर येत होता. यंदा पहिला आणायचाच, असा तिचा हट्ट!

पानं फुटली ती काळपट जांभळी. 'पाणी तेवढं टाका' एवढंच सांगून ती भावजयीच्या बाळंतपणासाठी माहेरी, उंद्रीला गेली. दुसऱ्याच दिवशी शेषरावकाका खत न्यायला आले आणि कुंडीपाशी थबकले.

"काऊन भाऊ, डॉक्टरच्याच घरी लाल्या?"

दुकानातली चार गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली! लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पाडणारा रोग, आणि त्यावर मी रोज भाषण देतो. इज्जतीचाच प्रश्न होता. मी कुंडी दुकानामागच्या सावलीत नेली, मॅग्नेशियम सल्फेट फवारलं, युरिया दिला. (जरा सढळ हातानेच.) पंधरा दिवसांत पानं हिरवीगार! काकांना मुद्दाम बोलावून दाखवली.

सुनंदा परतली. मी छाती फुगवून म्हणालो, "पाह्य, तुह्यं झाड वाचवलं म्या!"

तिने पान उलटून पाहिलं. "अहो, हे काय करून ठेवलं? काळ्या पानांसाठीच त मागवली व्हती मी हे लिली!"

"पन लाल्या व्हता ना..."

"लाल्या तुमच्या डोक्यात व्हता!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला खरंच लाज वाटली. स्पर्धेला महिना होता, आणि ही पानं भरपूर उन्हातच काळी होतात, असं तिने सांगितलं. मग मी कुंडी घेऊन उन्हामागे धावू लागलो. सकाळी पायरीवर, दुपारी गच्चीवर. गिऱ्हाईक थांबेल, ऊन थांबत नाही! झाडाच्या गाभ्यातून नवी पानं आली, काळीभोर. त्यांतून वीतभर फुलोरा निघाला, डोक्यावर अननसासारखा हिरवा तुरा घेऊन.

पहिला नंबर! मी इतक्या टाळ्या वाजवल्या की अध्यक्षबाईंना भाषण थांबवावं लागलं.

आता कुंडीत एक पाटी रोवलेली आहे : 'झाड निरोगी आहे. डॉक्टरांनी लांब राहावे.' येणारा-जाणारा थांबून वाचतो आणि अक्षराचं कौतुक करतो. अक्षर माझंच आहे. मजकूर तिने सांगितला.